एकदाची

शलाका नलवडेनं ‘एकदाची’ टोचून घेतली तेव्हा ती चोवीस वर्षांची होती, आणि त्याआधीची नऊ वर्षं तिनं उताणं झोपून काढली होती.

कुशीवर वळलं की जबड्याखालचे गड्डे उशीला टेकायचे आणि ठणका कानापर्यंत जायचा. सकाळी अभ्र्यावर रक्ताचे डाग असायचे. आई अभ्रा काढून बादलीत भिजत घालायची. वयात येताना कपाळावर चार पुटकुळ्या येतात, फुटतात, जातात, तसलं हे नव्हतं. हे हनुवटीवर आणि मानेवर यायचं, कातडीच्या खोल आतून यायचं, पाळीच्या आठ दिवस आधी यायचं आणि जाताना खड्डा ठेवून जायचं. कोल्हापुरातल्या तिच्या झाडून सगळ्या नातेवाइकांकडे यावर उपाय होता. मुलतानी माती लाव. शेंगदाणे सोड. पोट साफ होत नसेल, बघ. एक मावशी तर म्हणाली, लग्न झालं की जातात आपोआप.

हे नेमकं काय आहे ते तिला पहिल्यांदा समजावून सांगितलं डॉ. हेरवाडकरांनी. राजारामपुरीतल्या त्यांच्या दवाखान्यात भिंतीवर कातडीचं मोठं चित्र होतं. केसाच्या मुळाशी द्राक्षाच्या घोसासारखी दिसणारी तैलग्रंथी त्यांनी पेनानं दाखवली.

“पुरुषी संप्रेरकं बाईच्याही अंगात असतात, थोडीशी. ती या ग्रंथीला हुकूम सोडतात, तेल कर. तुझ्या रक्तात ती काही जास्त नाहीत. तुझ्या ग्रंथींचे कान फार तिखट आहेत, एवढंच. ज्या हुकमाकडे दुसऱ्याच्या ग्रंथी लक्षही देत नाहीत, त्यावर तुझ्या पेटून उठतात. तेल तुंबतं, सुजतं, पिकतं. यात तुझं काही चुकलेलं नाही, बाळा.”

शेवटचं वाक्य ऐकून शलाका तिथंच रडली होती.

पण समजलं म्हणून ते थांबलं नाही. आधी गर्भनिरोधक गोळ्या झाल्या, चौदा महिने. ते पाकीट आई पिठाच्या डब्यामागं लपवायची, शेजारच्या कुणी बघितलं तर काय सांगायचं म्हणून. मग मुळात रक्तदाबाची असलेली एक गोळी झाली. ती घेतली की शलाकाला उठल्याबरोबर चक्कर यायची आणि तासाला तीनदा लघवीला जावं लागायचं, बी.एड.च्या पाठाच्या मधे ती वर्ग सोडून पळायची. मग ती जालीम कॅप्सूल. दर महिन्याला रक्त तपासायचं, दर महिन्याला गर्भ नसल्याची चाचणी द्यायची, औषध चालू असताना दिवस जाऊ देणार नाही असं सही करून लिहून द्यायचं. ओठ चिरायचे, नाकातून रक्त यायचं, डोळे कोरडे पडायचे. पण चेहरा साफ व्हायचा. कोर्स संपला की पाच महिने साफ राहायचा आणि सहाव्या महिन्यात डाव्या जबड्याखाली पहिला ठणका लागायचा.

सराव-पाठाच्या शाळेत सहावीतली एक मुलगी वही तपासून घेताना तिच्याकडे बघत राहिली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, “मॅडम, दुखतं का हो?” तिनं मायेनं विचारलं होतं. शलाका शिक्षकांच्या खोलीत जाऊन दार लावून बसली आणि तास संपल्याची घंटा झाली तरी बाहेर आली नाही.

त्याच वर्षी, २०३६ च्या दिवाळीनंतर, ते इंजेक्शन कोल्हापुरात मिळायला लागलं. त्याचं खरं नाव लांबलचक होतं. मुली त्याला ‘एकदाची’ म्हणायच्या.

हेरवाडकरांनी पुन्हा चित्रापाशी उभं राहून सांगितलं. धुक्याच्या थेंबापेक्षा कितीतरी लहान अशी चरबीची पुडी, तिच्यात एक रासायनिक निरोप भरलेला. पुडी रक्तातून सगळीकडे फिरते, पण उघडते फक्त तैलग्रंथीच्या पेशीत. आत गेलेला निरोप त्या पेशीतलं एकच जनुक शोधतो, ज्याच्यामुळे ग्रंथीला संप्रेरकाचा हुकूम ऐकू येतो ते. ते जनुक कापलं जात नाही, त्याला कुलूप लागतं. आणि पेशीपासून नवी पेशी होते तेव्हा ती कुलुपासकटच होते.

“म्हणजे कायमचं?” शलाकानं विचारलं.

“कायमचं. ग्रंथी हळूहळू वाळून जातात. कातडी कोरडी राहील, जन्मभर क्रीम लावावं लागेल. पाच वर्षांच्या चाचण्या झाल्यात, बाकी त्रास दिसलेला नाही. तरी महिनाभर विचार कर.”

तिनं दुसऱ्या दिवशी टोचून घेतलं.

सात आठवड्यांनी ती पहिल्यांदा कुशीवर झोपली. ती सकाळ तिला कधी विसरता आली नाही. उजव्या गालावर अभ्र्याची घडी उमटली होती आणि ती आरशासमोर उभी राहून ती घडी बघत होती. पुढची सगळी वर्षं त्या सकाळीतून निघाली असं ती म्हणायची, आणि ते खोटं नव्हतं. ती कॉलेजात भूगोल शिकवायला लागली, साठ मुलांसमोर मान वर करून. सुजय इंगवले तिला तिथंच भेटला. तो प्रयोगशाळेची उपकरणं दुरुस्त करायला यायचा.

शलाकापेक्षा दोन वर्षांनी लहान बहीण, मंजिरी. तिचाही चेहरा तसाच. शलाका हात धुऊन तिच्या मागं लागली, तूही टोचून घे म्हणून.

“मला एकदाचं असलं काही नको, ताई,” मंजिरी म्हणायची. “गोळी सोडता येते. हे कसं सोडणार?”

“पण सोडायचंय कशाला?”

“ते मला आत्ता कसं कळेल?”

शलाकाला तो हट्ट वाटायचा, आणि खरं सांगायचं तर त्याचा रागही यायचा. मंजिरीच्या तोंडाकडे बघितलं की तिला आपली ती नऊ वर्षं दिसायची. शलाकाच्या लग्नात मंडपात फोटो काढताना मंजिरी तिच्या शेजारी येऊन उभी राहिली. पाळीचे दिवस जवळ आलेले, हनुवटीवर मोठे लाल गड्डे, त्यावर लावलेली पावडर घामानं ओघळलेली. शलाका तिच्या कानाशी वाकून म्हणाली, “मंजू, या फोटोत जरा मागं उभी राहशील?”

मंजिरी मागं जाऊन उभी राहिली. भांडली नाही, रडली नाही. पण त्यानंतर तीन वर्षं ती ताईशी कामापुरतंच बोलली. तिचं लग्न झालं, गडहिंग्लजला गेली, मुलगी झाली. बारशाला शलाका तासभर जाऊन आली.

आणि मग शलाकाला दिवस गेले.

सातवा महिना लागला न लागला तोच ती बाळंत झाली. मुलगा झाला, नऊशे दहा ग्रॅमचा. हाताच्या तळव्यात डोकं आणि कोपरापाशी पाय, एवढाच. त्याला काचेच्या पेटीत ठेवलं आणि पेटीवर चिठ्ठी लावली, ‘बेबी ऑफ शलाका’. बारसं होईपर्यंत तेच त्याचं नाव.

पाचव्या दिवशी बालविभागाच्या डॉ. फातिमा मुजावर म्हणाल्या, “आता त्याला छातीशी घ्यायचं. उघड्या अंगाला उघडं अंग. इतक्या लहान बाळांना आईच्या छातीसारखं दुसरं औषध नाही. श्वास लयीत येतो, वजन वाढतं. तुम्ही फक्त स्वस्थ बसा.”

लोंढे सिस्टरांनी नळ्या सांभाळत त्याला तिच्या छातीवर ठेवलं. वाळक्या पानाइतकं त्याचं वजन तिला जाणवलं. त्यानं डोकं डावीकडे वळवलं, मग उजवीकडे, मग परत डावीकडे. कपाळावर म्हाताऱ्या माणसासारख्या आठ्या पडल्या. त्याच्या पायाला चिकटवलेल्या पट्टीवरून रक्तातल्या प्राणवायूचा आकडा भिंतीवर उमटत होता. चौऱ्याण्णव. नव्वद. पंच्याऐंशी. एक्याऐंशीला यंत्र ओरडलं आणि सिस्टरांनी त्याला उचललं.

“पहिल्यांदा होतं असं,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्यांदाही झालं आणि तिसऱ्यांदाही. सुजयच्या छातीवर तो नव्वदीच्या आसपास राहायचा. पेटीत ब्याण्णव. फक्त आईपाशी घेतलं की डोकं हलवत काहीतरी शोधायचा आणि शोधता शोधता श्वास घ्यायचा विसरायचा. तिच्या छातीवर तिचंच दूध चोळून बघितलं. दोन मिनिटं तो तोंड उघडून राहिला, दूध वाळलं तसा पुन्हा डोकं हलवायला लागला.

आठव्या दिवशी डॉ. मुजावर एक छोटं यंत्र घेऊन आल्या. बाळाच्या अंगाचा वास मोजून ते संसर्ग ओळखायचं. ताप यायच्या आधी वास बदलतो. त्यांनी ते आधी सिस्टरांच्या मनगटाला लावलं. पडद्यावर उंचसखल रेघांचं रान उठलं. मग शलाकाच्या छातीला लावलं. रेघ जवळजवळ सपाट.

“तुम्ही ‘एकदाची’ घेतलीय का हो?” त्यांनी विचारलं.

शलाकानं मान हलवली. डॉक्टर तिच्या पलंगाच्या कडेवर बसल्या.

“बाळाला जन्मतः फारसं दिसत नाही. त्याला आई कळते ती वासानं. पोटातल्या पाण्याचा वास त्याच्या ओळखीचा असतो. आणि आईच्या स्तनाग्राभोवती बारीक बारीक दाणे असतात, बघा, त्यातून जे झिरपतं त्याचा वास त्या पाण्याच्या जवळचा असतो. म्हणून डोळे मिटलेलं बाळही बरोबर तिथं सरकत जातं. ते दाणे म्हणजे तैलग्रंथीच असतात. दिवस भरलेलं बाळ आवाजावर, उबेवर निभावून नेईल. याला तेवढी ताकद नाही.”

“चाचण्या झाल्या होत्या,” शलाका म्हणाली. “पाच वर्षांच्या.”

“झाल्या होत्या. मी वाचल्यात. पाजणारी एकही बाई नव्हती त्यात. कुणी काही लपवलं नाही. कुणी विचारलंच नाही.”

औषधाच्या या परिणामाची नोंद करायला हवी होती. शलाकानं बाहेरच्या बाकावर बसून तो फॉर्म भरला. इंजेक्शनची तारीख. त्यावेळचं वय. ‘औषधाचा उपयोग किती झाला, एक ते दहा.’ तिनं बराच वेळ पेन धरून ठेवलं. अभ्रे आठवले, बी.एड.चा वर्ग आठवला, कुशीवर झोपलेली ती सकाळ आठवली. तिनं दहा लिहिलं. शेवटचा प्रश्न होता, ‘आज निर्णय घ्यायचा असता तर हे औषध पुन्हा घेतलं असतं का?’ तिथं दोन चौकोन होते. ते तिनं तसेच सोडले.

सुजय शेजारी बसला होता. ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, “तुला माहीत होतं?”

“काय?”

“मला वास नाही ते.”

तो म्हणाला, “लग्नानंतर तू पहिल्यांदा माहेरी गेलीस ना, तेव्हा मी तुझी उशी घेतली होती जवळ. काहीच नव्हतं तिला. धुतल्यासारखी. मला वाटलं, माझंच नाक बरं नसेल.”

“सांगितलं नाहीस.”

“काय सांगणार होतो, शलाका? तू एवढी खूश होतीस.”

संध्याकाळी डॉ. मुजावरांनी विचारलं, “घरात कुणी पाजणारी बाई आहे? रक्ताची असेल तर उत्तम.”

“बहीण आहे. आठ महिन्यांची मुलगी आहे तिला.”

“तिनंही घेतलंय इंजेक्शन?”

“नाही,” शलाका म्हणाली. “मी फार मागं लागले होते.”

फोन तिनंच केला. सुजय करतो म्हणत होता, तिनं करू दिला नाही.

“मंजू, येशील?”

“कधी?”

“आज. जमलं तर.”

“निघते.” पलीकडे भांडी खाली ठेवल्याचा आवाज आला. का, कशाला, काही विचारलं नाही.

मंजिरी आली ती मुलीला कडेवर घेऊनच. मुलीला आजोळी ठेवलं, हातपाय धुतले, विभागातला निळा झगा चढवला आणि खुर्चीत बसली. लोंढे सिस्टरांनी बाळाला तिच्या छातीवर ठेवलं. त्यानं डोकं एकदाच वळवलं. नाक तिच्या अंगात रुतवलं, ओठ मिटले-उघडले, कपाळावरच्या आठ्या पुसल्यासारख्या गेल्या. आकडा ब्याण्णव होता. चौऱ्याण्णव झाला. सत्त्याण्णव झाला आणि तिथंच थांबला.

सुजय रडायला लागला. शलाका आकड्याकडे बघत होती. तिला आनंद झाला होता, नाही असं नाही. पण त्याच क्षणी बहिणीला त्या खुर्चीतून हाताला धरून उठवावं असंही तिला वाटलं होतं, आणि ते तिनं कुणाला सांगितलं नाही.

मग तसंच सुरू झालं. मंजिरी सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तास त्याला घेऊन बसायची. शलाका शेजारच्या खोलीत यंत्रावर दूध काढून आणायची. दूध भरपूर यायचं. ते बारीक नळीतून बाळाच्या पोटात जायचं, आणि बाळ असायचं मंजिरीच्या छातीवर. मंजिरीचा वापरलेला दुपट्टा शलाकाच्या अंगावर टाकूनही बघितलं. बाळ दुपट्ट्याकडे वळलं, पण ऊब एकीची आणि वास कापडाचा. दहा मिनिटांत त्याला ते कळलं आणि आकडा खाली आला. त्यानंतर शलाकानं पुन्हा करून बघू दिलं नाही.

एकदा दोघीच असताना शलाका म्हणाली, “मंजू, तो फोटो...”

“आत्ता नको, ताई.” मंजिरीनं मान वर केली नाही. तिच्या हनुवटीवर दोन नवे गड्डे आले होते, ठणकत असणार. “बघ ना, पाय कसा ताणतोय.”

वजन वाढत होतं. हजार ग्रॅम झाले त्या दिवशी लोंढे सिस्टरांनी पेटीवर फुगा काढलेला कागद चिकटवला. सतराव्या दिवशी संध्याकाळी मंजिरी बाळाला घेऊन काहीतरी गुणगुणत होती. झोपेत बाळाच्या तोंडाचा कोपरा हलला, हसल्यासारखा. मंजिरी वाकून म्हणाली, “काय रे माझ्या राजा?”

“बस झालं आता,” शलाका म्हणाली. “तुझी पोरगी वाट बघत असेल. जा घरी.”

मंजिरीनं तिच्याकडे पाहिलं. “अजून तास आहे, ताई.”

“मी आहे ना इथं. जा म्हटलं ना.”

मंजिरी उठली, बाळाला सिस्टरांच्या हातात दिलं, झगा काढून घडी केली आणि गेली. शलाकानं सिस्टरांना सांगितलं, माझ्याजवळ द्या. त्यांनी दिलं. यावेळी ती हलली नाही, बोलली नाही, श्वाससुद्धा बेतानं घेत राहिली. बाळानं डोकं डावीकडे वळवलं, उजवीकडे वळवलं. एकोणनव्वद. चौऱ्याऐंशी. ती मनात म्हणत होती, मी आहे रे, मीच आहे. एकोणऐंशीला सिस्टर आल्या आणि त्याला उचलून पेटीत ठेवलं. रिक्षात बसायच्या आत मंजिरीला परत बोलवावं लागलं. ती आली आणि पुन्हा झगा चढवला.

दुसऱ्या दिवशी बाळाचं पोट फुगलं. आतड्याला संसर्ग झाला होता. अवेळी आलेल्या बाळांना होतो, डॉ. मुजावरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. वास मोजणाऱ्या यंत्रानं तो पहाटेच पकडला, औषधं लगेच सुरू झाली, दुपारी पोट उघडून शस्त्रक्रियाही झाली. पण आतडं फार लांबपर्यंत काळं पडलं होतं.

“काल माझ्यामुळे...” शलाका म्हणाली.

“नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “त्या दहा मिनिटांनी हे होत नाही. हे दोन-तीन दिवस आत चाललेलं असणार. मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून सांगत नाहीये.”

शलाकानं ऐकून घेतलं. तिचा त्यावर विश्वास बसला की नाही ते तिलाही सांगता आलं नसतं.

एकोणिसाव्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला डॉ. मुजावरांनी तिघांना बसवून सांगितलं. आता करण्यासारखं काही राहिलेलं नाही. दुखू नये म्हणून औषध दिलंय. नळ्या काढू आणि तुमच्या कुशीत देऊ. तास, फार तर दीड तास.

पडदा ओढला. यंत्राचा आवाज बंद केला, भिंतीवरचा आकडाही मालवला. शलाका खुर्चीत बसली आणि तिनं झग्याचे बंद सोडले. आता आकडा नव्हता, आता कुणी त्याला उचलून नेणार नव्हतं. सुजय तिच्या मागं उभा राहिला. मंजिरी पडद्यापाशी, दूर.

नळ्यांशिवाय त्याचा चेहरा तिनं पहिल्यांदा पाहिला. वरचा ओठ नलवड्यांचा होता. तिनं त्याला छातीशी घेतलं, दोन्ही हातांनी झाकलं.

त्याच्यात फारशी ताकद उरली नव्हती. तरी त्यानं डोकं डावीकडे वळवलं. थांबला. उजवीकडे वळवलं. कपाळावर आठ्या आल्या. तोंड उघडलं, मिटलं. परत डावीकडे.

“सुजय,” ती म्हणाली, “शोधतोय तो.”

“असू दे. तुझ्याजवळच असू दे. तू आई आहेस त्याची.”

ती आणखी थोडा वेळ तशीच बसली. किती ते कुणी मोजलं नाही. तिच्या अंगाला अंग लावून तिचं बाळ तिला शोधत होतं आणि ती त्याला सापडत नव्हती. मग ती म्हणाली, “मंजू, घे.”

“नाही, ताई.” मंजिरी मागं सरली. “आता नको. आता तूच.”

“घे म्हणते ना.”

“ताई, मला नाही जमणार हे...”

“मंजू, त्याला जाताना शोधत जाऊ देऊ नको गं. घे त्याला.”

मंजिरी खुर्चीत बसली. शलाकानं स्वतः त्याला तिच्या छातीवर ठेवलं, डोकं कुठं ठेवायचं ते तिला आता पाठ होतं. त्यानं नाक टेकवलं. कपाळ सैल झालं, मुठी सैल झाल्या. एक लांब श्वास घेतला त्यानं, घरी आल्यासारखा.

शलाका खाली फरशीवर बसली आणि त्याचं एक पाऊल दोन बोटांत धरून राहिली. पन्नास मिनिटं तो जगला. त्या सगळ्या वेळात एकदाही त्याच्या कपाळावर आठी आली नाही. मंजिरी हुंदका येऊ नये म्हणून दात आवळून बसली होती, छाती हलली तर तो जागा होईल म्हणून. चार वाजून वीस मिनिटांनी डॉ. मुजावरांनी दोन बोटं त्याच्या पाठीवर ठेवली आणि मान हलवली.

थोड्या वेळानं संध्याकाळच्या पाळीची एक नवी सिस्टर आत आली. तिनं खुर्चीत बसलेल्या मंजिरीच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी मऊ आवाजात बाकीच्यांना म्हणाली, “तुम्ही जरा बाहेर थांबता का? आईला राहू द्या त्याच्याजवळ थोडा वेळ.”

कुणी काही बोलायच्या आत शलाका उठली. पाऊल तिनं अलगद सोडलं, झग्याचे बंद बांधायला लागली आणि पडद्याकडे निघालीसुद्धा. सुजयनं तिचा हात धरायला हात पुढं केला. मंजिरी ओरडलीच, “अगं कुठं चाललीस? ताई!”

सिस्टरच्या लक्षात आलं. तिनं तोंडावर हात घेतला. “मला वाटलं... माफ करा, मॅडम, मला वाटलं...”

“असू दे, सिस्टर,” शलाका म्हणाली. “त्यालाही तसंच वाटलं होतं.”

मंजिरी उठली. तिनं बहिणीला खांद्याला धरून खुर्चीत बसवलं, नुकते बांधलेले बंद सोडले आणि बाळ तिच्या छातीवर ठेवलं. शलाकानं त्याला दोन्ही हातांनी झाकून घेतलं. मंजिरीच्या अंगाची ऊब अजून त्याच्यात होती. त्याचं डोकं तिनं ठेवलं तसंच, तिच्या हनुवटीखाली राहिलं. डावीकडे वळलं नाही, उजवीकडे वळलं नाही. पडद्यापलीकडे दिवे लागेपर्यंत ती त्याला घेऊन बसून होती, आणि कुणीही तिला ऊठ म्हणालं नाही.